‘तू सांगितले असतेस तर मी आले असते’ हे फ्रेंचमध्ये नेमके कसे म्हणावे?

अबोली (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात गेली तीन वर्षे फ्रेंच शिकत असून सध्या डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या बी-टू पातळीची तयारी करीत आहे. ‘काँदिस्योनेल पासे’, म्हणजे आपल्याकडील ‘केले असते, गेले असते’ या रूपांशी जुळणारा प्रकार, मला पाठ आहे असे मी समजत होते. मात्र गेल्या आठवड्यात सरावासाठी लिहिलेल्या पत्रात माझ्या याच वाक्यांवर लाल शाई उमटली, आणि नियम पुन्हा वाचूनही माझे समाधान झालेले नाही. येथे फ्रेंच शिकलेले आणि शिकविणारे बरेच सभासद आहेत, म्हणून सविस्तर विचारते. फ्रेंच वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे उच्चार ढोबळ आहेत.

मला लिहायचे होते, ‘तू मला तसे सांगितले असतेस तर मी स्टेशनवर आले असते.’ मी लिहिले, ‘सी त्यू म लोरे दी, झोरे व्हन्यू आ ला गार.’ यात दोन चुका दाखविल्या आहेत. दोन्ही भागांत ‘असते’ असताना फ्रेंचमध्ये दोन निरनिराळी रूपे का लागतात, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

दुसरे वाक्य होते, ‘मी त्याला फोन करायला हवा होता.’ त्यासाठी मी ‘झ दव्हे ल्वी तेलेफोने’ असे लिहिले. शेरा असा मिळाला की वाक्य शुद्ध आहे, पण अर्थ वेगळा झाला.

तिसरी शंका वाचनातली आहे. एका फ्रेंच दैनिकात ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ असे वाचले आणि मी त्याचा अर्थ ‘मंत्र्याने राजीनामा दिला असता’ असा लावला. पुढील मजकुराशी तो अजिबात जुळेना. येथे ‘जर’ कुठे आहे?

दीर्घवेलांटी

अबोलीताई, तुमच्या पहिल्या वाक्यातील चूक बहुतेक मराठी विद्यार्थी करतात आणि तिचे मूळ मराठीच्या रचनेतच आहे. मराठीत संकेतार्थाची दोन्ही वाक्ये एकाच साच्यातून निघतात: ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते.’ अट आणि परिणाम, दोन्हीकडे भूतकाळवाचक रूप आणि पुढे ‘असता, असती, असते’. फ्रेंच भाषा या दोन जागा काटेकोरपणे वेगळ्या ठेवते. ‘सी’ने सुरू होणाऱ्या अटीच्या भागात ‘प्ल्यूस-क-पार्फे’ येतो, म्हणजे ज्या काळात आपण ‘सांगितले होते’ म्हणू तो काळ. परिणामाच्या भागात मात्र ‘काँदिस्योनेल पासे’ येतो. शब्दशः पाहिले तर फ्रेंच माणूस ‘तू मला सांगितले होतेस तर मी आले असते’ असे म्हणतो. हे वाक्य मराठीत विचित्र वाटते, पण अटीच्या भागात ‘असते’ ऐवजी मनातल्या मनात ‘होते’ घालून पाहण्याची सवय मला स्वतःला फार उपयोगी पडली.

फ्रान्समध्ये लहान मुलांनाही हा नियम मुद्दाम घोटून घ्यावा लागतो. ‘ले सी नेम पा ले रे’, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही, असे एक वचन तेथे शाळेत शिकवितात. ‘झोरे’, ‘झ सरे’ या रूपांच्या शेवटी जो ‘रे’ ऐकू येतो तो ‘सी’च्या लगत येऊ द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. करवतीसाठी असलेल्या फ्रेंच शब्दाचा उच्चारही ‘सी’ असाच होतो, त्यामुळे ते ऐकायला गमतीचे वाटते आणि मुलांच्या लक्षात राहते. याला अपवाद एकच, आणि तोही वरवरचा: ‘सी’चा अर्थ ‘जर’ नसून ‘की नाही’ असा असेल तर ‘रे’ चालतो. ‘झ म दमांदे सील ओरे फिनी आव्हां मिदी’, म्हणजे ‘दुपारी बाराच्या आत त्याचे काम झालेले असेल की नाही, असा मी विचार करीत होते.’ तेव्हा ‘सी’च्या जागी मनात ‘जर’ बसते की ‘की नाही’ बसते, एवढे तपासले म्हणजे पुरे.

रूप बनविणे त्या मानाने सोपे आहे. साहाय्यक क्रियापद ‘आव्हुआर’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) हे काँदिस्योनेलच्या वर्तमान रूपात ठेवायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित जोडायचे. आव्हुआरची रूपे: झोरे, त्यू ओरे, इल ओरे, नू झोरियों, व्हू झोरिये, इल झोरे. एत्रची रूपे: झ सरे, त्यू सरे, इल सरे, नू सरियों, व्हू सरिये, इल सरे. ज्या क्रियापदांना पासे काँपोझेमध्ये (‘केले, गेले’ सांगणाऱ्या नेहमीच्या भूतकाळात) ‘एत्र’ लागते त्यांना येथेही ‘एत्र’च लागते. ‘येणे’ हे त्यांपैकी एक, म्हणून ‘झोरे व्हन्यू’ चुकले. तुमचे वाक्य असे होईल: ‘सी त्यू म लाव्हे दी, झ सरे व्हन्यू आ ला गार.’ नकारार्थी करताना ‘न’ आणि ‘पा’ हे साहाय्यक क्रियापदाच्या दोन बाजूंना बसतात: ‘झ न सरे पा व्हन्यू.’

लेखनात एक सापळा आहे. ‘झोरे’ असा जवळजवळ सारखाच उच्चार होणारी दोन रूपे आहेत: एक भविष्यकाळाचे, ज्याच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर नसते, आणि दुसरे काँदिस्योनेलचे, ज्याच्या शेवटी ते असते. संशय आला की कर्ता बदलून ‘नू’ करून पाहावे. ‘नू झोरों’ असे तोंडात आले तर भविष्यकाळ, ‘नू झोरियों’ असे आले तर काँदिस्योनेल.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, ज्याकडे आपल्या वर्गांमध्ये पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे मत आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते’ हे मराठी वाक्य घ्या. ते आजविषयी आहे की दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या संधीविषयी? मराठी वाक्य ते सांगत नाही; ‘आज’ किंवा ‘त्या वेळी’ असा शब्द घालावा लागतो, नाहीतर संदर्भावर सोडावे लागते. फ्रेंचमध्ये ही मोकळीक नाही. आजची गोष्ट असेल तर ‘सी झाव्हे द लार्झां, झाशेत्रे यून मेझों’ असे म्हणावे लागते, म्हणजे अटीत अँपार्फे (अपूर्ण भूतकाळ) आणि परिणामात काँदिस्योनेलचे वर्तमान रूप. संधी कायमची निघून गेली असेल तर ‘सी झाव्हे यू द लार्झां, झोरे आश्ते यून मेझों.’ मराठीतून विचार करणारा विद्यार्थी ‘घेतले असते’ हे रूप पाहून प्रत्येक वेळी काँदिस्योनेल पासेकडे धावतो आणि निम्म्या वेळा चुकतो. म्हणून भाषांतराला बसण्याआधी स्वतःला विचारावे की ही गोष्ट अजून घडू शकते, की तिची वेळ टळून गेली आहे?

आपली ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ ही म्हण याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रेंचमध्येही आत्या आणि काकांवरच बेतलेली तशीच म्हण आहे आणि तिचा उत्तरार्ध ‘ओं लापेल्रे मों नोंक्ल’ असा आहे. ते काँदिस्योनेलचे वर्तमान रूप आहे, पासे नव्हे, कारण आत्याबाईंची गोष्ट कोणत्याही एका गेलेल्या दिवसाची नाही.

काही वेळा अट भूतकाळातली आणि परिणाम आजचा असतो. ‘सी झाव्हे आप्री ल फ्रांसे प्ल्यू तो, झ पार्लरे म्यो ओझुर्द्वी’, म्हणजे ‘मी फ्रेंच आधी शिकले असते तर आज अधिक चांगले बोलले असते.’ मराठीत ‘शिकले असते’ आणि ‘बोलले असते’ ही रूपे जुळी आहेत, फ्रेंचमध्ये दोन्ही वेगळ्या काळांतली आहेत.

मोंपेलिएवासी

अबोलीताई, मी काही वर्षांपासून दक्षिण फ्रान्समधील मोंपेलिए येथे राहत आहे. वरील उत्तर परिपूर्ण असल्याने मी तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेपुरतेच लिहितो.

वृत्तपत्रातील त्या वाक्यात ‘जर’ कुठेही दडलेला नाही. फ्रेंच पत्रकार जेव्हा एखादी बातमी ऐकीव माहितीवरून देतो आणि तिची खात्री स्वतः घेत नाही, तेव्हा तो काँदिस्योनेल वापरतो. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ याचा अर्थ ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’ असा आहे. ‘लँसांदी ओरे फे त्र्वा मोर’ म्हणजे ‘आगीत तिघांचा मृत्यू झाल्याचे वृत्त आहे.’ मराठी बातमीदार जे काम ‘समजते’, ‘कळते’, ‘वृत्त आहे’, ‘सांगितले जाते’ या शब्दांनी करतो तेच काम फ्रेंच बातमीदार क्रियापदाच्या रूपातून करतो. घटना घडून गेली असेल तर काँदिस्योनेल पासे आणि ती सध्या चालू असेल तर वर्तमान रूप, एवढाच फरक. येथे ‘दिला असता’ असे भाषांतर केले तर अर्थ उलटाच होतो: बातमी सांगते की राजीनामा बहुधा दिला गेला आहे, आणि आपण वाचतो की तो दिला गेला नाही. परीक्षेतील उताऱ्यावरच्या प्रश्नांत ही एक चूक पुढच्या सर्व उत्तरांना वेगळीकडे नेऊ शकते, म्हणून हा वापर आधीच पक्का करून ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन.

आता फोनविषयी. ‘झ दव्हे ल्वी तेलेफोने’ याचा अर्थ ‘मला त्याला फोन करायचा होता’ असा होतो. ते ठरले होते, ते माझे काम होते, आणि पुढे फोन केला की नाही हे वाक्य सांगत नाही. ‘करायला हवा होता’ यात केला नाही याची कबुली आणि खंत असते. ती फ्रेंचमध्ये ‘झोरे द्यू ल्वी तेलेफोने’ अशी येते. मराठी वाक्यात ‘असते’ नाही, ‘होता’ आहे, त्यामुळे तेथे काँदिस्योनेल पासे लागेल हे सुचत नाही. दुसऱ्याला बोल लावतानाही तेच रूप येते: ‘त्यू ओरे प्यू म प्रेव्हनीर’, म्हणजे ‘मला आधी कळवायचे होतेस’ किंवा ‘निदान कळवायचे तरी’. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात हे वाक्य मला उद्देशून बोलले गेले. मी ते ‘तू मला कळवू शकला असतास’ असे शब्दशः समजून घेतले आणि उत्तरादाखल ‘होय’ म्हणालो. समोरची व्यक्ती माझ्या दिलगिरीची वाट पाहत होती, हे मला घरी आल्यावर उमगले. त्या प्रसंगाचे मला अजूनही वाईट वाटते.

एक वापर मात्र मराठी माणसाला चटकन आपलासा वाटावा असा आहे. कार्यालयाच्या खिडकीपाशी ‘झोरे व्हुलू अँ रांसेन्यमां’ असे म्हणणे अदबीचे समजतात. आपण ‘मला जरा माहिती हवी होती’ असे म्हणतो ना, अगदी तसेच. माहिती आत्ता हवी आहे, पण दोन्ही भाषा ती मागणी मागच्या काळात ढकलून मऊ करतात.

‘सी’शिवायही हा काळ भरपूर भेटतो. ‘सां तोन एद, झोरे राते ल त्रँ’ (तुझी मदत नसती तर माझी गाडी चुकली असती), ‘आ ता प्लास, झ नोरे रियँ दी’ (तुझ्या जागी मी असतो तर काहीच बोललो नसतो). अट अशा एखाद्या छोट्या शब्दसमूहात सामावलेली असते. बोलताना याच अर्थी साधा अँपार्फेही ऐकू येतो: ‘यून मिन्यूत द प्ल्यूस, ए झ राते ल त्रँ’, म्हणजे ‘आणखी एक मिनिट, आणि माझी गाडी चुकलीच होती.’ मराठीतही आपण तेथे ‘असती’ सोडून ‘होती’ म्हणतोच.

अबोली

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘करायला हवा होता’ याचा उलगडा झाल्यामुळे माझ्या जुन्या पाच-सहा चुका एकदम समजल्या. आता एकच गोष्ट अवघड वाटते: धातुसाधितापुढे स्त्रीलिंगाचे ‘ई’ आणि अनेकवचनाचे ‘एस’ केव्हा लावावे? ‘झ सरे व्हन्यू’ लिहिताना मी स्त्री असल्यामुळे ‘ई’ लावले, पण ‘झोरे दी’ला लावले नाही. हे बरोबर आहे का, आणि असेल तर का?

शिक्षिका_निवृत्त

दोन्ही बरोबर आहे. अबोली, मी अनेक वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना फ्रेंच शिकविले आहे आणि या बाबतीत मराठी विद्यार्थी फार सुदैवी आहे असे माझे ठाम मत आहे. इंग्रजीतून फ्रेंचकडे जाणाऱ्याला ही जुळणी परकी वाटते, आपण मात्र ती लहानपणापासून बोलत आलो आहोत.

‘ती आली असती’, ‘ते आले असते’ यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, हा आपला कर्तरी प्रयोग. फ्रेंचमध्ये ‘एत्र’ घेणारी येणे, जाणे, निघणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे यांसारखी क्रियापदे तशीच वागतात: ‘एल सरे व्हन्यू’ लिहिताना शेवटी ‘ई’ येतो. ‘तिने चिठ्ठी लिहिली असती’, ‘तिने लेख लिहिला असता’ यांत मात्र क्रियापद कर्माकडे पाहते, हा कर्मणी प्रयोग. ‘आव्हुआर’ घेणारी क्रियापदेही कर्माकडेच पाहतात, पण एका अटीवर: कर्म क्रियापदाच्या आधी आलेले असले पाहिजे. ‘झोरे एक्री सेत लेत्र’ (मी ही चिठ्ठी लिहिली असती) यात चिठ्ठी नंतर येते, म्हणून बदल नाही. ‘ला लेत्र क झोरे एक्रीत’ (जी चिठ्ठी मी लिहिली असती ती) यात चिठ्ठी आधी येऊन गेली आहे, म्हणून ‘ई’ लागतो आणि शेवटचा ‘त’ कानालाही ऐकू येतो. मराठीला कर्म कुठे आहे याची पर्वा नाही, फ्रेंचला आहे, फरक एवढाच.

हे साम्य सर्वत्र पुरत नाही, हेही सांगायला हवे. ‘ती चालली असती’ हे मराठीत कर्तरी आहे, पण फ्रेंच ‘मार्शे’ला ‘आव्हुआर’ लागते, ‘एल ओरे मार्शे’, आणि तेथे ‘ई’ येत नाही. स्वतःकडे वळणारी क्रियापदे मात्र नेहमी ‘एत्र’ घेतात: ‘एल स सरे लव्हे’, म्हणजे ती उठली असती.

उतरणे, चढणे, बाहेर पडणे या क्रियापदांचा प्रश्न मुलांना फार छळतो, कारण ती दोन्ही साहाय्यके घेतात. तेथे मी वर्गात मराठीच वापरत असे. मराठीत ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी ‘देसांद्र’ हा एकच आहे आणि तो फरक साहाय्यक क्रियापद दाखविते. ‘मी उतरले असते’ म्हणजे ‘झ सरे देसांद्यू’, आणि ‘मी बॅगा उतरवल्या असत्या’ म्हणजे ‘झोरे देसांद्यू ले व्हालीझ’. मराठीत ‘उतरवणे, चढवणे, बाहेर काढणे’ असे रूप येत असेल तर ‘आव्हुआर’ घ्यावे. वर्गातील उदाहरणांत या युक्तीने मला कधी दगा दिला नाही.

दीर्घवेलांटी

बाईंचे उत्तर वाचून फार आनंद झाला. कर्मणी प्रयोगाशी असलेले हे नाते मला कधीच सुचले नव्हते. एक छोटी भर घालतो. जुने साहित्य वाचताना काँदिस्योनेल पासेचे ‘दुसरे रूप’ म्हणून ओळखले जाणारे एक रूप भेटते, जे दिसायला सब्जाँक्तिफच्या (इच्छा, शंका दर्शविणाऱ्या रूपाच्या) प्ल्यूस-क-पार्फेसारखेच असते. ते अटीच्या भागातही चालते. फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्काल यांच्या 1670 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘पांसे’ या पुस्तकामध्ये क्लिओपात्राच्या नाकाविषयीचे विख्यात वाक्य आहे: ‘सील यूत एते प्ल्यू कूर, तूत ला फास द ला तेर ओरे शांझे’, म्हणजे ते आखूड असते तर पृथ्वीचे सारे रूप पालटले असते. अटीत जुने ‘यूत एते’ आणि परिणामात नेहमीचे ‘ओरे शांझे’. ओळखता आले म्हणजे झाले. परीक्षेत किंवा पत्रात ते लिहू नये.

मोंपेलिएवासी

आणि अप्रत्यक्ष कथनात हा काळ येतो तेही नोंदवून ठेवतो, कारण तेथे कसलीही अट नसते. ‘काम झाले की फोन करीन, असे तो म्हणाला’ यासाठी ‘इल आ दी किल मापेल्रे कां तिल ओरे फिनी’ असे म्हणतात. मूळ बोलण्यातला भविष्यकाळ ‘म्हणाला’मुळे एक पायरी मागे सरकतो. मराठीत आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, म्हणून हे सरकणे आपल्या ध्यानात येत नाही.

अबोली

मी आज तीन वाक्ये नव्याने लिहून पाहिली आहेत, कृपया तपासावीत.

‘सी झाव्हे ल्यू व्हो रेपोंस प्ल्यू तो, झ नोरे पा फे से फोत.’ (आपली उत्तरे आधी वाचली असती तर मी या चुका केल्या नसत्या.)

‘झोरे द्यू पोझे सेत केस्त्यों लां देर्निये.’ (हा प्रश्न मी गेल्या वर्षीच विचारायला हवा होता.)

‘ले व्हालीझ, झ ले सरे देसांद्यू म्वा-मेम.’ (बॅगा मी स्वतःच उतरवल्या असत्या.)

शिक्षिका_निवृत्त

पहिली दोन निर्दोष आहेत. तिसऱ्यात तुम्ही स्वतः उतरलेल्या नाहीत, बॅगा उतरवल्या आहेत, म्हणून ‘झ ले झोरे देसांद्यू’ असे हवे. शिवाय बॅगांसाठी आलेले ‘ले’ क्रियापदाच्या आधी आहे, तेव्हा धातुसाधिताच्या शेवटी ‘ई’ आणि ‘एस’ ही दोन्ही अक्षरे लिहावीत. ती ऐकू येणार नाहीत, पण ‘उतरवल्या’ मधला ‘ल्या’ जसा बॅगांमुळे आला आहे तशीच तीही बॅगांमुळेच आली आहेत.